‘निरंक’च्या रकान्याआड

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांमध्ये एकोणतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झालो. सगळी नोकरी पूर्व विदर्भातच झाली. गेल्या पंधरवड्यात आमच्या तालुक्याच्या बसस्थानकासमोर एक तरुण मोटारसायकल उभी करून चहा पीत होता आणि मागच्या कॅरिअरवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेली थर्माकोलची पेटी उन्हात तापत होती. पेटीवर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, खूण नव्हती, फोन क्रमांक नव्हता. एका बाजूला निळ्या शाईने ‘सॅम्पल’ एवढेच लिहिलेले होते. ही पेटी वाटेत पडली तर तो काय करील, हे मी त्याला विचारले नाही, कारण ते मला ठाऊक होते. त्या ठाऊक असण्यात माझाही हात आहे, म्हणून हे पत्र.

‘निरंक’, म्हणजे ‘कळवण्यासारखे काही नाही’, हा आपल्या सरकारी मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. रुग्णालयांना जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा लागतो आणि त्यात वर्षभरात किती अपघात झाले, किती जणांना बाधा झाली, काय उपाय केले, हे विचारणारे रकाने असतात. त्या अहवालाचा मसुदा तयार करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. आधीच्या वर्षाचा अहवाल समोर ठेवायचा, किलोग्रॅमचे आकडे बदलायचे आणि अपघातांच्या रकान्यात पूर्वीसारखेच ‘निरंक’ लिहायचे, अशी रीत होती. ती मी मोडली नाही. त्या काळात हातमोज्यातून सुई गेलेली मी पाहिली होती, कचऱ्याची पिवळी पिशवी जिन्यात फाटलेली पाहिली होती, आणि खाली सांगतो तो प्रसंगही घडून गेला होता. तो कचऱ्याचा नव्हता, नमुन्यांचा होता, त्यामुळे तो लिहायला त्या अहवालात जागाच नव्हती; पण जागा असती तरी मी ‘निरंक’च लिहिले असते, हेही खरे आहे.

ज्या प्रयोगशाळेत मी तेव्हा होतो तिथे क्षयरोगाचे निदान करणारे सीबीनॅट यंत्र होते आणि आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून बेडक्याचे नमुने तिथे येत. मे महिन्यातली एक दुपार होती. बावन्न किलोमीटर अंतरावरून मोटारसायकलने पेटी आणणारा मुलगा त्या दिवशी तासभर उशिरा आला, आणि पेटी नेहमीसारखी ट्यूबने न बांधता त्याच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली होती. एका गावाजवळच्या गतिरोधकावर गाडी उसळली, पट्टी सुटली, पेटी डांबरावर पडून तिचा कोपरा तुटला आणि आतल्या नळ्या रस्त्यावर घरंगळल्या. त्याने त्या उघड्या हातांनी गोळा केल्या, पुन्हा पेटीत भरल्या, हात पँटला पुसले आणि पुढे निघाला. हे त्याने मला सांगितले ते मी तीनदा विचारल्यानंतर, आणि सांगून झाल्यावर लगेच म्हणाला, “कोणाले सांगू नका जी, माहं काम जाईन.” त्याला खेपेमागे पैसे मिळत. खेप बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद.

पेटीच्या तळाशी दोन बोटे पाणी होते. थंडाव्यासाठी जेलची पाकिटे ठेवायची असतात, पण ती संपली की पॉलिथिनच्या पिशवीत बर्फ भरून देण्याची पद्धत होती, आणि विदर्भातल्या मे महिन्यात त्या बर्फाचे तीन तासांत पाणी होते. ते पाणी बर्फाचे की नळ्यांतून गळलेले, हे डोळ्यांनी सांगता येत नव्हते. तीन नळ्यांची झाकणे आटे चुकवून बसवलेली होती आणि त्यांत तळाला ओलावा सोडता काही उरले नव्हते. एका नळीभोवती रुग्णाचा फॉर्म रबरबँडने गुंडाळलेला होता. त्यावरची शाई फुटून नावाचा निम्मा भाग वाचता येत नव्हता. मी हातमोजे घालून पेटी पुसली, उरलेल्या नळ्या लावून घेतल्या आणि त्या तीन नमुन्यांपुढे नोंदवहीत लिहिले, ‘नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा’. हे शब्द खोटे नव्हते. पण ते वाचून आरोग्य केंद्राला असे वाटणार की रुग्णानेच नळीत पुरेसा बेडका दिला नाही. पेटी पडली, नळ्या रस्त्यावर गेल्या, झाकणे चुकीची बसवलेली होती, बर्फ सैल होता, यांपैकी एकही गोष्ट कागदावर आली नाही आणि त्यामुळे पुढच्या आठवड्याची पेटीही तशीच ट्यूबच्या पट्टीने आवळलेली आली.

त्या तिघांपैकी दोघांनी चारपाच दिवसांत पुन्हा नमुने दिले. तिसरी एक बाई होती. आशाताई तिच्या घरी गेली तेव्हा ती तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी दुसऱ्या गावच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, गेलेली होती. पूर्व विदर्भात त्या दोनतीन आठवड्यांची मजुरी कोणी सहजासहजी सोडत नाही, आणि ‘तुमचा बेडका कमी पडला’ एवढ्या निरोपावर तर मुळीच नाही. ती मृग लागल्यावर परत आली, जूनमध्ये तिचा नमुना मिळाला आणि त्यात क्षयाचे जंतू निघाले. पहिल्या नमुन्यापासून औषध सुरू होईपर्यंत पाच आठवडे गेले होते. घरात दोन लहान मुले होती. त्या मुलांचे पुढे काय झाले ते मी पाहिलेले नाही, म्हणून त्याबद्दल अंदाज लिहीत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर हे पत्र वाचून गावोगावी नमुन्यांच्या पेट्यांची भीती पसरायची. क्षयाचा जंतू मुख्यतः श्वासावाटे शरीरात शिरतो. उघड्या रस्त्यावर वारा वाहत असताना नळी फुटली तर जवळून जाणाऱ्याला धोका फार कमी असतो. खरा धोका दोन जागी असतो: नळ्या हातांनी गोळा करणाऱ्याला फुटलेल्या काचेची किंवा प्लास्टिकची जखम होणे, आणि आत काही फुटले आहे हे माहीत नसताना बंद खोलीत ती पेटी झटक्याने उघडणे. दुसऱ्या जागी मी होतो. ‘पेटी पडली आहे’ असा फोन आधी आला असता तर ती मी टेबलावर न उघडता बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू खोलीच्या हवेत जाऊ न देणाऱ्या बंदिस्त कपाटात, उघडली असती. एवढ्या एका वाक्याच्या निरोपाने पुढच्या माणसाची वागणूक बदलते, आणि घटना कळवण्याचा पहिला उपयोग हाच आहे. चौकशी, अहवाल, आकडेवारी हे सगळे नंतरचे.

आता नियमांकडे वळतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले. त्यांतील पंधराव्या नियमाप्रमाणे कचरा हाताळताना किंवा वाहून नेताना मोठा अपघात झाला तर संबंधित अधिकाऱ्याला ताबडतोब कळवायचे आणि केलेल्या उपायांचा लेखी अहवाल चोवीस तासांत ‘फॉर्म एक’ मध्ये द्यायचा. मोठा अपघात म्हणजे काय, हेही नियमांतच सांगितले आहे: ज्याने मोठ्या जनसमूहाला बाधा होऊ शकते असा अपघात, उदाहरणार्थ कचऱ्याचा ट्रक उलटणे किंवा कचरा पाण्याच्या साठ्यात जाणे. सुई टोचणे आणि पारा सांडणे ही उदाहरणे त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. असे बाकीचे अपघात वर्षाच्या अहवालात द्यायचे, म्हणजेच त्या ‘निरंक’च्या रकान्यात. मोटार वाहनांसाठी केंद्राचे १९८९ चे नियम आहेत, आणि त्यांतील १३६ वा नियम धोकादायक माल नेणाऱ्या मालवाहू गाडीच्या चालकाला अपघात होताच जवळच्या पोलीस ठाण्यात व गाडीच्या मालकाला कळवायला सांगतो.

दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आमच्या गतिरोधकावर पडलेली पेटी या दोहोंच्या मधल्या फटीत पडली. रुग्णाचा नमुना हा तपासणी होईपर्यंत कचरा नसतो, त्यामुळे कचऱ्याचा नियम त्याला लागत नाही. मोटारसायकल ही मालवाहू गाडी नव्हे, त्यामुळे दुसरा नियमही त्या मुलापर्यंत पोचत नाही. कचऱ्याच्या गाड्यांना जीपीएस आहे, पिशव्यांना बारकोड आहे, अठ्ठेचाळीस तासांच्या वर कचरा साठवायचा नाही असे बंधन आहे. आणि ज्या डब्यात माणसाचे निदान आहे तो डबा मात्र कोणाच्या तरी पिशवीत, काळी-पिवळीच्या टपावर किंवा एसटीत सीटखाली प्रवास करतो. नमुन्यापेक्षा कचऱ्याची बडदास्त जास्त, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

असे नमुने बांधायचे कसे, याचा गोंधळ मात्र मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीनुसार संसर्गजन्य पदार्थांचे दोन गट पडतात. ज्यांच्या संपर्काने निरोगी माणसाला किंवा जनावराला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो ते ‘अ’ गटात, क्रमांक २८१४ आणि जनावरांपुरते असतील तर २९०० खाली. बाकीचे रोगनिदानाचे बहुतेक नमुने ‘ब’ गटात, क्रमांक ३३७३ खाली. क्षयाच्या तपासणीसाठी जाणारा बेडका ‘ब’ गटात येतो, पण त्याच बेडक्यातून प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू ‘अ’ गटात जातात. दोन्हींसाठी बांधणी तिहेरी असते: न गळणारी नळी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषून घेईल एवढा कापूस, मग न गळणारे दुसरे पाकीट किंवा डबा, आणि बाहेर टणक पेटी. रुग्णाची कागदपत्रे दुसऱ्या आवरणाच्या बाहेर ठेवायची, म्हणजे नळी गळली तरी नाव शाबूत राहते. ‘ब’ गटाची बांधलेली पेटी १.२ मीटर उंचीवरून पडली तरी आतली नळी गळता कामा नये. ‘अ’ गटासाठी ही उंची नऊ मीटर आहे. मोटारसायकलच्या कॅरिअरची उंची १.२ मीटरपेक्षा कमीच असते. म्हणजे नीट बांधलेली पेटी त्या गतिरोधकावर पडली असती तर कदाचित नुसता कोपरा चेपला असता आणि तीन माणसांचे नमुने वाचले असते.

मग हे कोणी कळवत का नाही? माझ्या अनुभवात याचे उत्तर एका कागदात आहे: कारणे दाखवा नोटीस. आपल्याकडे घटना कळवणारा माणूस हाच घटनेचा पहिला संशयित असतो. वाहकाने सांगितले तर त्याची खेप जाते, आरोग्यसेविकेने सांगितले तर झाकण कोणी बसवले याचा खुलासा तिच्याकडून मागवला जातो, आणि तंत्रज्ञाने लिहिले तर ‘तुमच्याच काळात असे कसे घडते’ असे विचारले जाते. गप्प बसणाऱ्याला मात्र काहीच होत नाही. अशा व्यवस्थेत ‘निरंक’ हेच सगळ्यांत शहाणपणाचे उत्तर ठरते आणि शहाणी माणसे ते देतात, मीही दिले.

असे असायलाच हवे असे नाही, आणि याचा दाखला आमच्याच खात्यात आहे. लसीकरणानंतर बाळाला ताप, गाठ किंवा त्याहून गंभीर काही झाले तर ते कळवायचे असते, हे आज दुर्गम उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेलाही पाठ आहे. गंभीर घटना चोवीस तासांत वर जाते आणि तिच्या कारणांचा शोध वेगळी समिती घेते. पोलिओच्या बाबतीतही तसेच. लुळेपणाची तक्रार असलेल्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने किमान एक दिवसाच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत घ्यायचे आणि दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात प्रयोगशाळेत पाठवायचे, अशी शिस्त आहे. तिथे पेटी पोचल्यावर बर्फ शिल्लक आहे का, नमुना गळला आहे का, पुरेसा आहे का, कागद बरोबर आहेत का, हे लिहून घेतात, आणि किती नमुने चांगल्या स्थितीत पोचले यावरून त्या जिल्ह्याचे काम जोखले जाते. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त प्रमाणित झाला त्यामागे लसीच्या थेंबांइतकीच या पेट्यांच्या नोंदींचीही मेहनत आहे. त्याच जिल्ह्यातून, त्याच रस्त्यावरून, कित्येकदा त्याच माणसाच्या हातून जाणाऱ्या बेडक्याच्या पेटीला ही शिस्त का लागू नये, हे मला नोकरीत कधी कळले नाही आणि आता निवृत्तीनंतरही कळत नाही.

चूक फक्त गरीब भागात आणि फाटक्या पेटीमुळेच होते असेही नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या डगवे येथील लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपण ज्याला काळपुळी म्हणतो त्या रोगाचे, ‘मारलेले’ म्हणून समजले गेलेले जंतू दहा वर्षांहून अधिक काळ इतर प्रयोगशाळांना पाठवले जात होते आणि त्यांतले काही जिवंत होते. तिथे अडचण पेटी फाटण्याची नव्हती. मे २०१५ मध्ये मेरीलँड राज्यातील एका खासगी प्रयोगशाळेला आलेल्या नमुन्यात जंतू वाढताना दिसले, तिने ते कळवले, आणि तेव्हा सगळा धागा उलगडला. त्या प्रयोगशाळेने तो नमुना गुपचूप नष्ट करून ‘नमुना खराब’ एवढेच लिहिले असते तर आणखी किती वर्षे ते चालले असते कोण जाणे. मी स्वतः जे केले ते याहून फार वेगळे नव्हते, फरक फक्त जंतूचा होता.

कळवण्याला घड्याळ असते, हा मुद्दा कचऱ्याच्या बाबतीत विशेष लागू पडतो. पिशवीतून बाहेर आलेली सुई वाहकाच्या पोटरीत घुसली तर ती जखम ‘मोठा अपघात’ नाही आणि म्हणून वर्षाअखेरच्या अहवालाची वाट पाहू शकते, असे नियम वाचून एखाद्याला वाटेल. पण एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तर दोन तासांत आणि उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि पुढे ती अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात. बहात्तर तासांनंतर ती नोंद कितीही सुवाच्य अक्षरात केली तरी त्या माणसाच्या उपयोगाची राहत नाही. कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्यावी असे नियमांत आहे; गावातून नमुन्यांची पेटी नेणाऱ्या खेपेवरच्या मुलाला ती कोणी विचारली आहे का, हे प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याने एकदा तपासून पाहावे.

उशीर हीही एक घटनाच आहे, हे इथे सांगायला हवे. गडचिरोलीच्या दक्षिण भागात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. छोट्या नाल्यांवर तर दर वर्षी कितीतरी गावे दिवस दिवस अडकतात. अशा वेळी पेटी परत न्यायची की पुढच्या गावी ठेवायची, हे ठरवणारे कोणी नसते. एकदा अशी अडलेली पेटी एका ओळखीच्या घरी फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी रात्रभर ठेवली गेल्याचे मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगण्यात आले. ज्याने ठेवली त्याने चांगल्या हेतूनेच ठेवली, नमुना तापू नये म्हणून. त्या घरच्या बाईला पेटीत काय आहे ते कोणी सांगितले नव्हते. २०२० मध्ये कोरोनाच्या तपासणीसाठी घशाच्या स्रावांच्या नळ्या सुरुवातीला विदर्भातल्या जिल्ह्यांतून नागपूरला मेयो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेकडे जात तेव्हा असे अनेक प्रसंग आम्ही एकमेकांना फोनवर सांगितले: नळीतला गुलाबी द्रव गळून यादीवरची नावे पुसली गेली, नळ्या मोजल्या तर यादीपेक्षा एक कमी भरली, गाडी वाटेत चार तास अडकली. फोनवर सगळे होते. कागदावर आले ते ‘रिजेक्टेड’.

माझी मागणी साधी आहे आणि तिला नवीन कायदा लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एक पत्रक काढून संसर्गजन्य नमुने आणि कचरा या दोहोंच्या वाहतुकीतील प्रत्येक घटनेसाठी अर्ध्या पानाचा मराठी फॉर्म लावून द्यावा. कधी, कुठे, काय सांडले किंवा हरवले, कोणाला लागले, तिथल्या तिथे काय केले आणि कोणाला कळवले, यापलीकडे त्यात काही नसावे. ‘कोणाची चूक’ हा रकाना तर नसावाच. हा फॉर्म भरला म्हणून वाहकाची खेप किंवा कर्मचाऱ्याचे काम जाणार नाही, असे त्या पत्रकात सहीनिशी लिहिलेले असावे. ज्याने पाठवले त्या केंद्राला त्याच दिवशी फोन जावा, म्हणजे रुग्णाला ‘बेडका कमी पडला’ असे न सांगता ‘तुमचा नमुना वाटेत आमच्याकडून सांडला, कृपया पुन्हा द्या’ असे सांगता येईल. आपली चूक नाही हे कळले की माणूस पुन्हा नमुना देण्यास लवकर तयार होतो, हा माझा अनुभव आहे. तिमाहीला हे फॉर्म एकत्र वाचले की एकाच गतिरोधकावर तीन पेट्या पडल्या, एकाच केंद्राची झाकणे सैल येतात, एप्रिल-मे मध्ये जेलची पाकिटे संपतात, असे काही ना काही दिसेलच. आज हे दिसत नाही, कारण प्रत्येकाला फक्त स्वतःची एक घटना माहीत असते.

वाहकाजवळ पेटीसोबत एक छोटी पिशवी असावी: हातमोजे, जुने फडके, ब्लीचची पूड, एक जाड रिकामी पिशवी आणि चिमटा. सांडले तर हातमोजे घालून त्यावर फडके टाकायचे, ब्लीचचे ताजे द्रावण कडेकडून मध्याकडे ओतायचे, अर्धा तास थांबायचे, मगच उचलायचे. काच कधीही बोटांनी उचलायची नाही, आणि शेवटी हात साबणाने धुवायचे. हे शिकवायला एक दुपार पुरते. पेटीवर मोठ्या मराठी अक्षरांत छापावे की ही पेटी सापडल्यास उघडू नये आणि अमुक क्रमांकावर कळवावे. आमच्याकडे रस्त्यात पडलेली वस्तू लोक उचलून सरपंचाकडे किंवा पोलीस पाटलाकडे नेऊन देतात, ही चांगली सवय आहे. पण नुसते ‘सॅम्पल’ लिहिलेली पेटी सरपंच तरी कोणाकडे देणार? बहुधा आधी उघडून पाहणार.

आधीच नोंदवह्यांचा ढीग झाला आहे, त्यात ही आणखी एक, असे माझे जुने सहकारी हे वाचून म्हणतील. त्यांचा वैताग खरा आहे. मीही एका वेळी अकरा नोंदवह्या सांभाळल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या कोणी कधी उघडल्या नाहीत. म्हणून माझी अट अशी आहे की ज्या महिन्यात फॉर्म आला त्याच महिन्यात पाठवणाऱ्याला उत्तर गेले पाहिजे, मग ते ‘नवीन पट्टे दिले’ एवढेच का असेना. उत्तर जाणार नसेल तर ही नोंदवही सुरूच करू नये.

मी मागतो तो फॉर्म अजून अस्तित्वात नाही. तरी माझ्या वाट्याचा एक भरून सोबत पाठवतो, तो आपण छापावा ही विनंती.

वेळ: मे महिना, दुपारी सुमारे दोन. ठिकाण: राज्य रस्त्यावरील गतिरोधक, नमुने घेतलेल्या केंद्रापासून अंदाजे वीस किलोमीटर. वाहन: मोटारसायकल. काय झाले: बांधणी सुटून थर्माकोलची पेटी पडली, बेडक्याच्या नळ्या रस्त्यावर गेल्या, तीन नळ्या गळून रिकाम्या झाल्या. कोणाचा संपर्क: वाहक, उघड्या हातांनी, मी, टेबलावर पेटी उघडताना. जागेवर केलेले उपाय: रस्ता स्वच्छ केला नाही, हात धुतले नाहीत. कोणाला कळवले: कोणालाही नाही. रुग्णावर परिणाम: एका महिलेचे निदान पाच आठवडे लांबले. नोंद करणारा: तत्कालीन प्रयोगशाळा तंत्रज्ञ, त्या वेळी लिहिलेला शेरा ‘नमुना अपुरा’.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(पूर्व विदर्भ)